नाव झाकून देवाधर्माबद्दल बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन देवाधर्मावर बोलताना खरं नाव द्यायचं की नाही, आणि नाही दिलं तर ते खोटेपणात जमा होतं का, हे मला सारखं कोणी ना कोणी विचारत असतं. भजनी मंडळातल्या मुली विचारतात, ऑफिसमधले विचारतात, वसईची एक मैत्रीण तर दर थोड्या दिवसांनी विचारते. म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. मी स्वतः देव मानते, एकादशी करते, हे आधीच सांगते म्हणजे मी कुठे उभी राहून बोलतेय ते तुम्हाला कळेल.

मनापासून देव मानणारा माणूस नाव लपवेलच कशाला? त्याला कसली भीती?

मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही विचारा. एजंट आधी आडनाव विचारतो, बजेट नंतर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी असतात, घरमालक असतो, मुलाच्या क्लासच्या टीचर असतात, आणि त्याच ग्रुपवर तुम्ही "यंदा आम्ही दीड दिवसाचाच बसवतोय" एवढं जरी लिहिलंत तरी रात्रीपर्यंत गावाला मोठ्या काकांच्या कानावर गेलेलं असतं आणि त्यांचा फोन येतो की काय झालं, कोण आजारी आहे का, पैशाची अडचण आहे का. घरात लग्नाची मुलगी असेल तर आईवडील प्रत्येक शब्द तोलून टाकतात. मंडळात पद असेल तर अजूनच पंचाईत, कार्यकर्ता म्हणून ज्याला सगळे ओळखतात त्याने "मला हल्ली आरतीत मन लागत नाही" असं म्हणायचं कुठे?

म्हणजे भीती देवाची नसते हो. देवापासून काय लपणार आहे. भीती असते ती शेजाऱ्यांची, सासरच्यांची, जातवाल्यांची, घरमालकाची आणि हल्ली स्क्रीनशॉटची. या भीतीला भ्याडपणा म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या नावाने, घरच्या ग्रुपवर, मनातली एक खरी शंका लिहून बघावी.

पण देव मानतो आणि नाव लपवतो, हे खोटं बोलणंच झालं ना?

नाही. मला हे अगदी ठाम वाटतं.

आपल्याकडे देवळात पावती फाडताना "गुप्तदान" लिहायला सांगतात, त्याला कोणी खोटं म्हणत नाही, उलट मान देतात. कुराणात सुरा बकराच्या २७१ व्या आयतीत दान उघड दिलं तरी चांगलं पण झाकून गरिबाला दिलं तर जास्त चांगलं, या अर्थाचं आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू सांगतो की दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. तेव्हा नाव मागे ठेवणं हे धर्माला नवीन नाहीये.

फक्त एक आहे. तुम्ही नाव झाकलंत की वाचणाऱ्याकडे तुमच्या शब्दांशिवाय दुसरं काहीच उरत नाही. चेहरा नाही, आवाज नाही, "हिला मी ओळखते, ही उगाच बोलायची नाही" हा आधार नाही. म्हणून नाव झाकणाऱ्यावर बाकी सगळं खरं सांगायची जबाबदारी जास्त येते, कमी नाही.

मग खोटेपणा नेमका कुठून सुरू होतो?

जिथे नाव झाकायचं थांबून नवाच माणूस उभा केला जातो तिथून. समजा तुम्ही लिहिलंत "मी दादरची, ३५ वर्षांची, नवस फेडावा की नाही या गोंधळात आहे", आणि तुम्ही खरंच दादरच्या, त्या वयाच्या, त्या गोंधळात आहात, तर नाव नसलं तरी ते खरं आहे. पण हिंदू असून "मी मुसलमान आहे आणि आमच्यात असंच शिकवतात" म्हणून लिहिणं, किंवा मुसलमान असून "मी ब्राह्मणाची मुलगी, आमच्या घरात असं चालतं" म्हणणं, हे सरळ खोटं आहे आणि धर्माच्या बाबतीत फार वाईट जातीचं खोटं आहे, कारण त्याने एका अख्ख्या समाजाच्या तोंडात तुमचे शब्द कोंबले जातात आणि वाचणारा ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. "मी आधी तुमच्याच धर्माचा होतो, मग सत्य कळलं" या छापाच्या पोस्ट तुम्ही पण पाहिल्या असतील. काही खऱ्या असतात. ज्या खोट्या असतात त्यांनी खऱ्यांचंही तोंड बंद होतं.

दोन अकाउंट काढून स्वतःच स्वतःला "अगदी बरोबर बोललात" म्हणणं हेही त्यातलंच. कीर्तन, प्रवचन, अध्यात्माच्या गप्पांमध्ये हे होतं याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आणि दुसऱ्या कुठल्या खऱ्या माणसाचं नाव फोटो लावून बोललात, त्यातून कोणाला फसवलंत, तर तो गुन्हा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे.

आपल्या मराठी माणसांनी आधी कधी असं नाव झाकून धर्माबद्दल बोललंय का?

बोललंय, आणि मुंबईतच बोललंय. हे उत्तर लांब होणार आहे पण मला ते महत्त्वाचं वाटतं.

भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये मुंबईत प्रभाकर नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात १८४८ पासून पुढे दोनेक वर्षं "लोकहितवादी" या नावाने पत्रं छापून येत होती, १०८ पत्रं, शतपत्रं म्हणतात ती हीच. जातिभेद, विधवांचे हाल, अर्थ न कळता केलेलं पाठांतर, भटजींचं वागणं, सगळ्यावर इतकं स्पष्ट लिहिलंय की आजच्या ग्रुपवर टाकलं तर तासाभरात ॲडमिन डिलीट करेल. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकरीत होते. टोपणनाव घेतलं म्हणून त्या पत्रांची किंमत कमी झाली असं मराठीत कोणी म्हणत नाही. कारण त्यांनी दुसरा माणूस उभा केला नव्हता, आतून, आपल्याच लोकांबद्दल, कळवळ्याने बोलत होते, फक्त नाव मागे ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट त्याच काळातली, परमहंस सभा. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर (मराठी व्याकरणवाले तेच) आणि त्यांच्या बरोबरच्यांनी ही सभा काढली. हे नास्तिक नव्हते बरं का, एक ईश्वर मानणारे, प्रार्थना करणारे लोक होते. जातिभेद मानायचा नाही ही त्यांची मुख्य गोष्ट. सभा गुप्त होती, बैठकी गुप्त, सभासद कोण ते बाहेर कळू द्यायचं नाही, आणि आत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागायचा. त्या काळात पाव खाल्ला हे कळलं तर जातीबाहेर, घरात ताट वेगळं, बायकामुलांचे हाल. आपण आज वडापाव खातो त्याच मुंबईत.

मग १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडलीच. दहा-अकरा वर्षं जपलेली गोष्ट एका यादीने संपली. पण १८६७ मध्ये दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग आणि इतरांनी प्रार्थना समाज स्थापन केला, आणि या वेळेला उघडपणे, नावानिशी. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर त्यात आले. गिरगावात त्या भागाला लोक अजून "प्रार्थना समाज" म्हणूनच ओळखतात, रोज हजारो माणसं तिथून जातात.

मला यातून दोन्ही गोष्टी दिसतात. जे उघड बोलता येत नव्हतं ते आधी झाकून बोलता आलं म्हणूनच पुढे उघड बोलणारे तयार झाले. आणि सगळा भार गुप्ततेवर टाकला की एक दिवस यादी फुटते आणि कोणीच उभं राहत नाही. म्हणून नाव झाकून बोलणाऱ्याला मी नेहमी सांगते, झाकून बोला, पण निदान एका ओळखीच्या माणसाला तरी हे तोंडाने सांगून ठेवा.

संत तर शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालायचे. मग आपण का लपवायचं?

हो, तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, जनी तर नामयाची दासी म्हणूनच. जे बोललं त्याच्याखाली स्वतः उभे राहिले, आणि त्यांनी त्याची किंमतही मोजली. ज्याला ते जमतं त्याने जरूर करावं, मला अशा माणसांबद्दल फार आदर आहे. पण हे बळ सगळ्यांकडे एकाच दिवशी येत नाही आणि ते नसलेल्याला गप्प बसवणं बरं नव्हे.

याच्या उलट एक खोटेपणा मात्र रोज चाललाय, स्वतःची ओळ लिहायची आणि खाली "तुका म्हणे" टाकून फॉरवर्ड करायची. त्यात स्वतःचं नाव लपतंच, वर संतांचं नाव वापरलं जातं. असं काही आलं तर गाथेत शोधा, नाही सापडलं तर पुढे पाठवू नका, एवढं तरी करूया.

धर्माबद्दल शंका येते. ती लिहिली तर दुसऱ्यांची श्रद्धा मोडेल का?

आमच्या भजनी मंडळातल्या एका ताईंचं मूल गेलं. त्यानंतर त्यांनी कुठेतरी, नाव न देता, लिहिलं होतं की मी अजून पांडुरंगापुढे उभी राहते पण हात जोडले जात नाहीत, आणि सगळ्यांसमोर टाळ वाजवताना मला ढोंगी वाटतं. नंतर त्यांनीच मला सांगितलं की ते मी लिहिलं होतं. त्याखाली कितीतरी बायकांनी लिहिलं की आमचंही असंच झालं होतं. कोणाची श्रद्धा मोडली नाही. मोडत होती ती एकटेपणामुळे, आपल्यालाच असं होतंय या विचाराने.

शंका लिहिताना मी एवढंच बघायला सांगते की ती तुमची आहे का. "मला हे पटत नाही, मला असं झालं" हे तुमचं आहे. "हे सगळे लोक मूर्ख आहेत" यात शंका कुठे आहे? तो राग आहे, आणि राग नाव झाकून काढला की तो वाढतच जातो असं मी बघितलंय. दुसरं म्हणजे शंका असेल तर शंका लिहा, निकाल लावल्यासारखं लिहू नका. कालपर्यंत सोळा सोमवार करणारीने एका रात्रीत "सगळं थोतांड" लिहिलं तर बहुतेक वेळा तेही पूर्ण खरं नसतं, त्या दिवसापुरतं खरं असतं.

समाजाने वाळीत टाकायची भीती आहे. कायदा काही मदत करतो का?

करतो, आणि हे जास्त लोकांना माहीत असायला हवं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा आहे, २०१७ पासून लागू झाला. जातपंचायत असो किंवा कुठलाही समाज असो, तुम्हाला लग्नाकार्याला, मयताला, देवळात, दर्ग्यात, सार्वजनिक जागेत यायला बंदी केली, तुमच्याशी बोलू नका व्यवहार करू नका असं फर्मान काढलं तर तो गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांकडे जाता येतं.

अर्थात धर्मगुरूंच्या अधिकाराचा प्रश्न आला की गोष्ट अवघड होते. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता, त्याला दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजाच्या धर्मगुरूंनी, म्हणजे सय्यदनांनी, आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, धर्माच्या शिस्तीसाठी बाहेर काढणं हा धर्मातला भाग आहे म्हणून. त्या निकालाबद्दलचा वाद अजून न्यायालयात आहे, २०२३ मध्ये तो मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला.

आणि त्याच समाजातल्या बायकांची गोष्ट बघा. मुलींच्या खतनाविरुद्ध (गुप्तांगाचा भाग कापायची प्रथा) २०११ मध्ये एक ऑनलाइन अर्ज फिरला होता, त्यावर फक्त "तस्लीम" एवढंच नाव होतं. पुढे काही वर्षांनी बऱ्याच बोहरा बायका स्वतःच्या पूर्ण नावाने, चेहऱ्याने बोलायला लागल्या. यातल्या अनेकजणी आजही श्रद्धाळू आहेत, नमाज पढतात, जमातीतलं जेवण एका थाळीभोवती बसून जेवतात. धर्म सोडायचा म्हणून त्या बोलल्या नाहीत. अशा वेळी "नाव नाही म्हणजे खोटं असणार" म्हणणाऱ्याला मी विचारते, नाव दिलं असतं तर तिचं काय झालं असतं याचा विचार केलात का.

नवस पावला, अनुभव आला, हे सांगताना थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं? चांगल्यासाठीच ना?

बिघडतं हो. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, किती गर्दी असते, सगळ्या धर्मांची माणसं असतात, लोक आपलं मागणं आणि मिळालेल्या कृपेचे आभार चिठ्ठीत लिहितात. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत पण प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, हाजीअलीच्या वाटेवर पण. त्या गोष्टी मला आवडतात आणि मी त्यांच्यावर हसणाऱ्यातली नाही.

पण "डॉक्टरांनी हात टेकले होते" हे वाक्य तुम्ही रंग चढवायला घातलं आणि ते वाचून कोणी केमो मध्येच सोडली तर? ज्याच्या घरी कॅन्सर आहे तो असं प्रत्येक वाक्य जिवाच्या आकांताने वाचतो. म्हणून औषध चालू होतं तर चालू होतं लिहा, ऑपरेशन झालं होतं तर झालं होतं लिहा, आणि मग म्हणा की माझी श्रद्धा आहे की देवाने सांभाळलं. देवाला आपल्या थापांची गरज नाही. आणि नाव न देता चमत्कार सांगायचा, वर फोन नंबर द्यायचा "अधिक माहितीसाठी", तिथे तर सरळ सावध व्हा. चमत्काराचा दावा करून फसवणं, पैसे उकळणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

पापाची कबुली ऑनलाइन, नाव न देता दिली तर चालेल?

मन हलकं होत असेल तर बोला, पण चर्चमध्ये फादरसमोर पापाची कबुली द्यायचा जो धार्मिक विधी असतो, तो संस्कार हा नाही. कॅथलिक चर्चने २००२ मध्येच स्पष्ट सांगितलंय की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. फादरच्या कानात सांगितलेलं ते कोणालाही, अगदी कोर्टालाही सांगू शकत नाहीत, चर्चचा तो नियम अतिशय कडक आहे. अनोळखी ग्रुपवर असं बंधन कोणावर आहे?

मी त्या धर्माचा नाही, पण त्या धर्माच्या लोकांच्या गप्पांमध्ये प्रश्न विचारायचाय. मी कोण ते सांगू का?

सांगा. नाव नका सांगू हवं तर, पण "मी बाहेरचा आहे, मला माहीत नाही म्हणून विचारतोय" हे पहिल्या ओळीत सांगा. लोक किती मोकळेपणाने समजावतात बघा. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला येणाऱ्या कुठल्याही आजोबांना नम्रपणे विचारलंत की बावीस प्रतिज्ञा काय आहेत तर ते सगळं सांगतील, आणि त्यात "मी खोटे बोलणार नाही" ही पण एक प्रतिज्ञा आहे. आपल्यातलाच आहे असं भासवून आतली माहिती काढणं आणि मग बाहेर दाखवणं, याने एका माणसाचा नाही तर पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाचा रस्ता बंद होतो.

एखाद्या बुवाबद्दल, फादरबद्दल, मौलानांबद्दल, ट्रस्टींबद्दल वाईट गोष्ट माहीत आहे. नाव न देता लिहून टाकू का?

इथे मी जरा कडक आहे. स्वतःबद्दल बोलायचं तर नाव झाका, काही बिघडत नाही. दुसऱ्याचं नाव घेऊन आरोप करायचा असेल तर मात्र, तुम्ही स्वतः पीडित नसाल तर, आधी योग्य जागी जा.

पैशाचा घोळ असेल तर मंदिर ट्रस्ट, दर्गा, चर्चचा ट्रस्ट, जो सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल त्याची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते, वरळीला ॲनी बेझंट रोडवर ऑफिस आहे, १९५० चा कायदा आहे. तिथे सही करावी लागते, पण तिथे चौकशी होते, ग्रुपवर फक्त चर्चा होते. निनावी पत्रं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत आणि त्यांनी किती लग्नं मोडली, किती घरं बसली ते सगळ्यांना माहीत आहे.

अत्याचाराची गोष्ट वेगळी. लहान मुलाबाबत काही कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, "आमच्या गुरूंची बदनामी होईल" हे कारण चालत नाही. आणि तिथे मुलाचं नाव छापायला, पसरवायला कायद्यानेच मनाई आहे. बलात्कार झालेल्या बाईचं नावही उघड करता येत नाही. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं नाव झाकायला कायदा स्वतः पुढे येतो, हे मला फार बरं वाटतं. तुम्ही स्वतः पीडित असाल आणि आज फक्त नाव न देता लिहिण्याइतकंच बळ असेल तर तेवढंच लिहा. कोणी तुम्हाला घाई करायचा हक्क नाही.

नाव झाकलं तरी पोलीस शोधू शकतात का? धर्मावर बोललं तर केस होते का?

शोधू शकतात. नंबर, ईमेल, आयपी ॲड्रेस यावरून, कायदेशीर मार्गाने कंपनीकडून माहिती मागवून. सोबतच्या लोकांपासून झाकलेलं नाव सरकारपासून झाकलेलं नसतं.

केस कशावर होऊ शकते? भारतीय दंड संहितेतलं जुनं २९५अ कलम, १९२७ चं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान करणं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितलंय की प्रत्येक टीका यात बसत नाही, हेतू दुष्ट असावा लागतो. पण निकाल लागेपर्यंत माणूस चक्कर मारून थकतो हेही खरं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मतासाठी अटक झाली होती, तो धर्माचा विषय नव्हता तरीही, आणि त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलमच पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. २०१७ मध्ये ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य सगळ्यात आधी येतं, धर्म पाळणं आणि त्याचा प्रचार त्यानंतर. म्हणजे मनात शंका ठेवायचा हक्कही तुमचाच आहे.

नाव झाकायचंच असेल तर नीट कसं झाकायचं?

नाव क्वचितच नावामुळे फुटतं, बारीकसारीक तपशिलामुळे फुटतं. "आमच्या चाळीतल्या मारुतीच्या देवळाचा पुजारी माझा सख्खा मामा" असं लिहिलं की संपलं, तुम्ही कोण ते सगळ्या वाडीला कळलं. खिडकीतून काढलेला फोटो टाकू नका, समोरची बिल्डिंग ओळखू येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर दिसतो, ट्रूकॉलरवर नाव येतं, त्यामुळे तिथे झाकणं जवळजवळ अशक्य समजा. टेलिग्रामवर नंबर लपवायची सेटिंग आहे, ती आधी चालू करा. फेसबुक ग्रुपवर अनामिक पोस्ट टाकली तरी ॲडमिनला तुमचं नाव दिसतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, आणि ॲडमिन जर तुमच्या नणंदेची मैत्रीण असेल तर काय उपयोग. जीपे वरून वर्गणी पाठवली की नाव जातंच.

आणि तपशील झाकताना खोटा तपशील घालू नका. "पाचवीतला मुलगा" ऐवजी "लहान मूल" म्हणा, पण मुलगी असताना मुलगा म्हणू नका. एकदा सुरू झालं की खोट्याला खोटं जोडत बसावं लागतं.

मला कळलंय की ते टोपणनावाने लिहिणारे कोण आहेत. सांगू का?

नका सांगू. हात जोडून सांगते.

कुराणात सुरा हुजुरातच्या १२ व्या आयतीत एकाच ठिकाणी तीन गोष्टी नको म्हटल्या आहेत, उगाच संशय, दुसऱ्याच्या मागावर राहून शोध घेणं, आणि पाठीमागे निंदा. आपल्या घरातली वडीलधारी माणसं पण हेच सांगत आली. तरीसुद्धा "बघा बघा, हा तर अमुक काकांचा मुलगा" म्हणून स्क्रीनशॉट फिरवणारे स्वतःला धर्माचे रक्षक समजतात याचं मला खूप दुःख होतं. त्या मुलाने कदाचित पहिल्यांदाच कोणाकडे तरी खरं बोललं असेल.

एकच अपवाद. त्या नावाच्या आड कोणी लहान मुलांना, बायकांना त्रास देत असेल, धमक्या देत असेल, तर सायबर पोलिसांना सांगा. पोलिसांनाच, ग्रुपला नाही.

निनावी माणसाचं किती खरं मानायचं?

त्याच्या स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत असेल तर आधी खरं मानून ऐका, फसलात तर काय, थोडी माया वाया गेली. पैसे मागत असेल, कोणावर आरोप करत असेल, औषध सोडायला सांगत असेल, किंवा दुसऱ्या धर्माबद्दल "मी आतला आहे" म्हणून भडकवत असेल तर काहीही मानू नका जोपर्यंत दुसरीकडून खात्री होत नाही.

बरेच दिवस नाव झाकून लिहितोय, आता घरी सांगावंसं वाटतंय. कसं?

सगळ्यांना एकदम नको. आणि सणाच्या दिवशी तर अजिबात नको, गणपतीच्या पाच दिवसांत घर भरलेलं असतं, आई दमलेली असते. घरात जो माणूस ऐकून घेतो, बहुतेक वेळा मावशी किंवा आजी असते बघा, तिला आधी सांगा. "मी देव सोडला" अशी मोठी वाक्यं करू नका जर ते खरं नसेल तर, "मला अमुक गोष्ट पटत नाही, बाकी मी तोच आहे, आरतीला उभा राहीन पण मला सत्यनारायणाला बसवू नका" असं जेवढं आहे तेवढंच सांगा. घराचं भाडं, शिक्षण सगळं त्यांच्यावर अवलंबून असेल आणि मारहाणीची भीती असेल तर थांबा, आधी स्वतःच्या पायावर उभे राहा, तोवर टोपणनावानेच लिहीत राहा. त्यात कमीपणा नाही.